जुन्या ले-आउटमधला बंगला की बेसा रोडचा डुप्लेक्स? कूलर कुठे लागतो ते आधी बघा

गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. पैसे कसेबसे जुळले आहेत, आता नागपुरात खामला-प्रताप नगरकडे एखादा जुना बंगला बघू, की बेसा-बेलतरोडीकडे नवा डुप्लेक्स घेऊन मोकळं होऊ? प्रत्येकाला फोनवर अर्धवट काहीतरी सांगितलं. आता नीट लिहितो, कारण आम्ही दोन्हीकडे राहिलो आहोत. मनीष नगरचा फ्लॅट विकल्यावर बेसा रोडच्या पुढे एका गेटेड स्कीममध्ये डुप्लेक्स अकरा महिन्यांच्या करारावर घेतला, तोही पुढे तिथेच विकत घ्यायचं ठरवून. शेवटी घेतला मात्र प्रताप नगर भागातला १९७९ सालचा बंगला. प्लॉट साडेचार हजार चौरस फूट, त्यावर तळमजला आणि नंतर वर चढवलेल्या दोन खोल्या.

बेडरूम किती, किचन कसं, पार्किंगमध्ये गाड्या किती हे सगळं तुम्ही बघितलेलं असणार, त्यात शिरत नाही. आमच्या घराचं एवढं सांगून ठेवतो की आई ७६ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, मुलगी दहावीला, आणि आम्ही दोघंही नोकरीवर जातो. तुमच्या घरी माणसं वेगळी असतील तर हिशेबही वेगळा निघेल.

पैशाचं थोडक्यात. जुना बंगला महागच पडतो. आपण पैसे मोजतो ते जमिनीचे; पंचेचाळीस वर्षांच्या बांधकामाला बँकेचा व्हॅल्युअर फारसं मोल देत नाही. आमच्या वरच्या दोन खोल्या मंजूर नकाशात नव्हत्या, त्या त्याने धरल्याच नाहीत. ७५ लाखांवरच्या कर्जात बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. म्हणजे हातातली रोकड जास्त लागते. डुप्लेक्स बांधकाम चालू असताना घेतला तर पाच टक्के जीएसटी, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतला तर काही नाही. जुन्या घराला तो प्रश्नच येत नाही. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट दोन्हीकडे मिळते. आम्ही ती घेतली आणि कमी पडलेली रक्कम माझ्या वाट्याची गावाकडची दीड एकर विकून उभी केली. त्या दीड एकराचं वाईट अजूनही वाटतं. तेव्हा पैशाच्या बाबतीत मी डुप्लेक्सच्याच बाजूने बोलेन.

कागदांतही वरकरणी डुप्लेक्स पुढे आहे. एक बिल्डर, एक करार, महारेराचा नंबर टाकला की प्रकल्पाची माहिती समोर. पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं असतील तर प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडे चार-सहा डुप्लेक्सच्या कितीतरी स्कीम अशाच असतात. तिथे तुम्हाला स्वतःच सगळं तपासावं लागतं. जमीन एनए-टीपी, म्हणजे बिगरशेती आणि नगररचनेची मंजुरी असलेली, आहे का, प्लॉटच्या मंजुरीचं पत्र (आरएल) हाती आहे की ‘येऊन जाईल’ असं तोंडी सांगतात, ले-आउट १९०० आणि ५७२ अनधिकृत ले-आउटच्या यादीतला तर नाही ना. असे विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ सालचा, त्याची मुदत पुढे वाढवून तो ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांना लागू केला. त्यामुळे नियमित होईल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. होईलही. पण झालेलं नसताना झाल्याचा भाव देऊ नये. शिवाय डुप्लेक्स ‘स्वतंत्र’ म्हणून विकत असले तरी बऱ्याच ठिकाणी विक्रीपत्रात जमिनीचा अविभक्त हिस्साच लिहिलेला असतो. खालची माती तुमच्या एकट्याची नसते. ते ज्याला चालतं त्याला चालतं.

जुन्या बंगल्याच्या कागदांनी मात्र आमचे सात महिने खाल्ले. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव होतं मूळ मालकाचं, आणि ते जाऊन बारा वर्षं झालेली. चार भावंडं, त्यातला धाकटा अमेरिकेत. आधी वारसांची नोंद. मग धाकट्याचं कुलमुखत्यारपत्र, तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आलेलं, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरणं. मग कळलं की त्याच्या हिश्शावर आयकर नेहमीसारखा एक टक्का कापून चालत नाही. विकणारा अनिवासी असला की कपातीचा दर बराच जास्त असतो, आणि ती जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे माझी. हे आमच्या सीएने वेळेवर सांगितलं म्हणून निभावलं. तुमच्या व्यवहारात एखादा भाऊ किंवा बहीण परदेशात असेल तर पहिल्याच बैठकीत हा विषय काढा.

जुन्या भागात प्लॉट कोणत्या हक्काचा आहे, हा प्रश्न सगळ्यांत मोठा. आमचा एका गृहनिर्माण संस्थेच्या ले-आउटमधला, मालकी हक्काचा. शेजारच्या ले-आउटमध्ये काही प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवरचे आहेत. तिथे ३० वर्षांची मुदत, नूतनीकरण, दरवर्षीचं भूभाडं आणि हस्तांतरणाची परवानगी एवढं सगळं बघावं लागतं. सिव्हिल लाइन्ससारख्या भागात नझूल, म्हणजे सरकारी मालकीची जमीन. यातलं काहीच वाईट नाही, पण किंमत ठरवण्याआधी कळलेलं बरं. आणि मोजणी करून घ्याच. आम्ही शासकीय मोजणी मागवली तेव्हा मागची भिंत सव्वा फूट आमच्या बाजूला सरकलेली निघाली. ती बांधणारे गृहस्थ आता नाहीत, त्यांच्या मुलाला काही ठाऊक नव्हतं. आम्ही ती तशीच राहू दिली, पण विक्रीपत्रात खरं माप लिहून घेतलं.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, घ्या डुप्लेक्स. मीही तेच म्हणत होतो. आईला सांगूनही टाकलं होतं की बेसालाच घेऊ.

मग मार्च संपला.

नागपूरच्या माणसाला कूलर काय असतो ते सांगायला नको. होळी झाली की माळ्यावरून पंप उतरवायचा, टाकी घासायची, जुन्या ताट्या काढून नव्या वूडवूलच्या किंवा खसच्या बसवायच्या, स्टँडला रंगाचा एक हात द्यायचा. फ्लॅटमध्ये असतानाही आमच्या हॉलच्या खिडकीला एक आणि आईच्या खोलीला एक असे दोन कूलर होते. डुप्लेक्समध्ये आलो नोव्हेंबरात, तेव्हा हा विषय डोक्यातच नव्हता. थंडीत घर कोणतंही छान वाटतं.

डुप्लेक्सची रुंदी वीस फूट, खोली पन्नासच्या आसपास. डावी-उजवी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. म्हणजे उघडणाऱ्या बाजू दोनच, पुढची आणि मागची. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, आणि मधोमध जिना व एक बेडरूम. गुडघ्यांमुळे तीच आईची खोली. तिला एक खिडकी होती, ती तीन फूट बाय चार फुटांच्या डक्टमध्ये उघडायची. त्या डक्टमध्ये वरच्या आणि बाजूच्या बाथरूमचे पाइप.

आता कूलर कुठे लावायचा? डक्टमध्ये कूलर मावत नाही, मावला तरी त्याला मागून कोरडी हवा मिळत नाही. पुढच्या खिडकीला लावायला गेलो तर स्कीमच्या नियमावलीत दर्शनी बाजूला कूलर चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं. सगळ्या घरांचा चेहरा एकसारखा राहावा म्हणून. त्यामागचा हेतू मला समजतो, एकसारखी ओळ दिसतेही छान. मागे चार फुटांची युटिलिटी बाल्कनी, तिथे वॉशिंग मशीन बाहेर काढून कूलर ठेवला. तो स्वयंपाकघर गार करायचा. जिथे गॅस चालू असतो तिथेच.

मग एक जुगाड केला. मागच्या कूलरची हवा स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून आईच्या दारात, अशी फिरवायची. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कामावरून लवकर आलो तर आई पलंगावर बसलेली, पदराने मान पुसत. गादी दमट, भिंतीला हात लावला तर चिकट. आई म्हणाली, “हवा येऊन तर राहिली रे, पण जाऊन नाही राहिली.”

त्या एका वाक्यात सगळं आलं. कूलर काय करतो, तर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. आलेली ओलसर हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेली तरच गारवा टिकतो. बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत ओल साचत जाते, आणि तास-दोन तासांत कूलर नुसता पंखा उरतो. मृगाच्या आधी ढग आले की आपले सगळ्यांचे कूलर असेच चिकचिक करू लागतात. त्या मधल्या खोलीत ऐन मे महिन्यात तेच होत होतं. बाहेर पारा ४५च्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत, आणि आत जूनसारखं.

एसी लावला. लावावाच लागला. पण आईला एसी सोसत नाही, रात्री गुडघे धरतात, पहाटे उठून ती बंद करते आणि अर्ध्या तासात घामाने जागी होते. दुसरं म्हणजे त्या भागात उन्हाळ्यात लाइट जायची. शहरातही जाते, पण तिथे जास्त वेळा आणि जास्त वेळ. आमच्या इन्व्हर्टरवर कूलर आणि दोन पंखे आरामात चालतात, एसी चालत नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी दोन तास लाइट नव्हती. आईला गाडीत बसवून, गाडीचा एसी लावून वर्धा रोडवर फिरवत होतो. तेव्हाच ठरलं, हे घर घ्यायचं नाही. त्या दोन तासांनंतर मी डुप्लेक्सचा कागद पुन्हा उघडला नाही.

ही माझी गोष्ट झाली, मोजमाप नव्हे. कोपऱ्यावरचा डुप्लेक्स असेल तर तिसरी बाजू उघडी मिळते, तिथे हा त्रास बराच कमी असावा. आमच्याच रांगेतल्या कोपऱ्यावरच्या घरात मी दोनदा दुपारी बसलो होतो, तिथे हवा खेळत होती. ज्यांच्या घरी सगळेच एसीत राहतात, त्यांना तर हा परिच्छेद वाचायचीही गरज नाही. पण घरात कोणी म्हातारं माणूस असेल, दुपारभर घरीच असणारं, तर कृपा करून हे वाचा.

प्रताप नगरचा बंगला पहिल्यांदा बघितला तो १९ मेला, दुपारी तीन वाजता. मुद्दाम ती वेळ मागून घेतली. विकणाऱ्यांना नवल वाटलं, कारण लोक संध्याकाळी येतात. घर आठ महिने बंद होतं. दार उघडलं तेव्हा कुबट वास आला, पण भट्टी नव्हती. भिंती चौदा इंची, विटांच्या. दुपारचं ऊन त्या भिंतींतून आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. खोल्यांना दोन-दोन बाजूंनी खिडक्या, कारण चारी बाजूंनी मोकळी जागा. पश्चिमेला दहा फुटांच्या पट्ट्यात एक मोठा कडुनिंब, आणि त्याच्या सावलीत, नेमकं आईची खोली होऊ शकेल अशा खोलीच्या खिडकीखाली, कूलरचं गंजलेलं लोखंडी स्टँड. कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी विचार करून ती जागा निवडली होती. समोरच्या भिंतीत, वर, जाळीचा झरोका. हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, हे घर बांधतानाच ठरलेलं.

मी तिथेच मनात घर घेऊन टाकलं. पुढचे सात महिने कागदांचा ताप सोसता आला तो त्या स्टँडमुळे.

पाण्याचं आता. डुप्लेक्सला बोअरचं पाणी, मे महिन्यात टँकरही. बोअरचं पाणी क्षाराचं. ताट्यांवर महिन्याभरात पांढरा थर बसतो, पंपाची जाळी बुजते, नळाच्या तोट्या जाम होतात. गाळण यंत्र लावून पिण्यापुरतं भागतं, पण कूलर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पितो, त्याला गाळलेलं पाणी कोण घालणार? जुन्या भागात पेंचचं, कन्हानचं महापालिकेचं पाणी नळाला येतं, आणि आमच्या आवारात जुनी विहीरही आहे. तिचं पाणी झाडांना. पाण्याच्या बाबतीत मला तुलना करण्यासारखं काही वाटत नाही, फक्त घेण्याआधी दोन्हीकडे शेजाऱ्यांना विचारा की मे महिन्यात काय करता.

पावसाचं मात्र उलट होऊ शकतं, आणि इथे जुन्या वस्तीवर आंधळा भरवसा ठेवू नये. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूर विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शहरातले हे जुने आणि नावाजलेले भाग, तिथे तळमजल्यांत पाणी भरलं. म्हणून जुना बंगला बघताना नदी, नाला किंवा तलावाचा सांडवा किती लांब आहे ते पायी चालून बघा, आणि त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं ते किराणा दुकानदाराला विचारा. तो खरं सांगतो. आम्ही ज्या गल्लीत घेतलं तिथे पाणी आलं नव्हतं.

पण दुसरा एक त्रास आला, तो सांगायलाच हवा. डांबरी रस्त्यांचे सिमेंट रस्ते झाले तसे बऱ्याच जुन्या वस्त्यांत रस्ते उंच झाले आणि आवारं खाली राहिली. आमच्या गेटपाशी रस्ता आवारापेक्षा नऊ इंच वर आहे. पहिल्याच पावसात गल्लीचं पाणी अंगणात. गेटला उंबरा बांधला, आत उतार काढून पाणी मागच्या शोषखड्ड्यात नेलं. सव्वा लाख गेले, आणि गाडी आत घेताना आजही खालून घासते. डुप्लेक्सच्या स्कीममध्ये सगळं एका पातळीत असतं, हा त्यांचा मोठा फायदा. जुनं घर घेताना दुरुस्तीचा म्हणून जो आकडा मनात धराल तो मला वाटतं दीडपट करून धरा. वायरिंग पूर्ण बदलावं लागलं, गच्चीवर नवा कोबा टाकला, न्हाणीचे लोखंडी पाइप हाताने दाबले तर चुरा होत होते. वाळवी स्वयंपाकघराच्या चौकटीत होती. चार महिने घरात गवंडी होते.

बायको त्या चार महिन्यांत दोनदा म्हणाली, आपण चुकलो का? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सुरक्षिततेचं मन मोठं करून सांगतो. गेटेड स्कीममध्ये आई संध्याकाळी एकटी खाली फिरायची, बाकावर तिच्यासारख्या चार जणी असायच्या, गेटवर माणूस होता. आम्ही दोघं कामावर असताना मला काळजी नसायची. इथे साडेचार हजार फुटांच्या आवारात ती दिवसभर एकटी. पहिले दोन महिने मी तासातासाला फोन करायचो. आता समोरच्या काकू दुपारी येतात, आंब्याच्या दिवसांत गल्लीतली मुलं भिंतीवर असतातच. जुन्या वस्तीत लोक तीस-चाळीस वर्षांचे शेजारी असतात, आधी बघून घेतात आणि मग आपलंसं करतात. त्याला आम्हाला एक दिवाळी लागली. तुमच्या घरी लहान मुलं असतील आणि दोघंही नोकरीवर असाल तर स्कीमचं आवार खरोखर उपयोगी पडतं. मी ते कमी लेखणार नाही.

आणखी एक भीती आहे, ती मलाही आहे. मोठ्या प्लॉटवरच्या जुन्या बंगल्यांवर बिल्डरांचं लक्ष असतं. २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनंतर अशा प्लॉटवर पूर्वीपेक्षा जास्त बांधता येतं, आणि आमच्या रांगेतले दोन बंगले पडून तिथे चार मजली फ्लॅट उभे राहिले आहेत. उद्या पश्चिमेचा शेजारी विकून गेला तर? त्याची इमारत उंच होईल, आमचा वारा थोडा अडेल. पण आमच्या बाजूचा दहा फुटांचा पट्टा आमचाच राहील आणि कडुनिंबही आमच्याच आवारात आहे. शहरातलं झाड तोडायला १९७५च्या कायद्याने वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, कोणी उगाच हात लावू शकत नाही. डुप्लेक्समध्ये शेजारी काय करतो यावर माझा वारा अवलंबून नव्हता, कारण त्या बाजूला वारा नव्हताच.

मेचं वीजबिल विचारणारे बरेच असतात. डुप्लेक्समध्ये तीन एसी चालवून जे बिल यायचं, त्याच्या निम्म्याहून कमी इथे आलं, तीन कूलर आणि एक एसी मिळून. तो एसी मुलीच्या वरच्या खोलीत, कारण वरच्या दोन खोल्या खरंच तापतात. नंतर बांधलेल्या, नऊ इंची भिंतींच्या, वर सरळ स्लॅब. गच्चीला चुन्याचा हात दिला, थोडा फरक पडला, फार नाही.

तुमचं बजेट ताणून जुना बंगला बसतच नसेल तर कोपऱ्यावरचा डुप्लेक्स बघा, मधला नको. किंवा रुंदी तीस फुटांच्या वर असलेला. बघायला जाल ते दिवाळीनंतरच्या छान हवेत जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये जमलं नाही तर निदान घरात उभं राहून तीन प्रश्न विचारा: कूलर कोणत्या खिडकीला, त्याच्या पाठीला मोकळी हवा आहे का, आणि समोरून हवा बाहेर कुठून जाईल. खिडकीचं माप टेपने घ्या. आपल्याकडच्या मोठ्या लोखंडी कूलरच्या तोंडाला साधारण दोन फूट रुंदी लागते. सरकत्या काचेच्या नव्या खिडकीत अर्धाच भाग उघडतो आणि तेवढी जागा मिळत नाही, मग प्लायवूड ठोकून उजेड बंद करावा लागतो. विकणाऱ्याने ‘आजकाल कूलर कोण लावतं’ असं म्हटलं तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन पुन्हा एकदा दुपारी या, आणि तासभर मधल्या खोलीत बसा.

आमच्याकडे यंदा खसच्या ताट्या परवाच बसवून झाल्या. कडुनिंबाचा मोहर कूलरच्या जाळीत अडकतो, तो रोज सकाळी आई झाडूने काढते.